हजेरीचा हलवा

मी एकदा शेजारणीचा गाजराचा हलवा म्हशीला खाऊ घातला. तोही शिजायच्या आधी. वय एकोणीस, दहावी पास, वर तालुक्याच्या गावच्या, केजच्या माहेराचा तोरा. युसूफ वडगावात आपल्याइतकी हुशार सून आजवर आलीच नाही, अशी माझी पक्की समजूत होती. म्हशीची काय समजूत होती, ते तिने कधी सांगितलं नाही.

शेजारीण म्हणजे हमीदाआपा. नवरा बाजारात फळं विकायचा. गाव तिला अर्धवट म्हणायचं, कारण पौषात घरोघरी हलव्याचा घमघमाट सुटायचा तेव्हा ही बाई गाजरं किसून पत्र्यावर वाळत घालायची. किसावर जुनी ओढणी, ओढणीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि शेजारी काठी घेऊन आपा स्वतः. पोरं खालून विचारायची, आपा, हलवा कधी? तिचं उत्तर ठरलेलं.

"हाजरी पुरी होऊ दे."

गल्लीतली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. आधी म्हणे आपाही पौषातच हलवा करायची. मग उसाच्या फडावरून परतलेल्या पोरांना इथली पोरं त्याच्या नुसत्या गोष्टी सांगायची. ते काही तिला बघवेना. तेव्हापासून तोडणीचा हंगाम संपून शेवटचं पोर घरी आलं, की भर चैत्राच्या उन्हात ती घामाने निथळत वाळका कीस दुधात भिजवायची. आधी पोरांना ओळीने बसवून हजेरी. एक जरी कमी असलं तरी कढई चुलीवर चढत नसे. एका साली एकाला गोवर निघाला, तर ही रोज त्याच्या दारात जाऊन लवकर बरा हो म्हणून त्याला दम देऊन यायची.

माझं लग्न झालं माघात, त्यामुळे पत्र्यावरचं वाळवण मी पाहिलेलंच नव्हतं. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी आपाच्या ओट्यावर जाऊन बसायची. ती माझ्याशी फार बोलायची असंही नाही. जवळ पाट सरकवायची, बस्स.

चैत्रात ती नवऱ्याला घेऊन बहिणीकडे आष्टीला गेली आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेली. नुसतं झाडून घे म्हणाली होती. पण मला तेव्हा स्वच्छतेचा भारी सोस. फळीवरचा डबा उघडला तर आत तपकिरी, सुरकुतलेलं, सुतळीच्या चुऱ्यासारखं काहीतरी. बिचारी कचराही जपून ठेवते, असं वाटून मला तिची दयाच आली. डबा आमच्या म्हशीपुढे रिकामा केला, राखेने लख्ख घासला आणि पालथा घालून ठेवला.

दोन दिवसांनी आपा आली आणि त्याच संध्याकाळी फडावरची पोरं ट्रकमधून उतरली. काळवंडलेली, केसांत पाचटाचा कचरा, पाय फुटलेले. उतरली ती घरी न जाता थेट आपाच्या अंगणात ओळीने बसली. हजेरी झाली. कोणीच कमी नव्हतं. आपाने फळीवरून डबा काढला.

आपण म्हशीला काय खाऊ घातलं, ते मला तेव्हा कुठे कळलं. मी म्हणाले, घुशींनी खाल्लं असेल.

आपाने आरशासारखा चकाकणारा डबा पाहिला, मग मला पाहिलं. "घुशी लई नेटक्या झाल्यात हल्ली," म्हणाली. मला वाटलं, तिला पटलं. इतकी मी हुशार.

मग तिने माळ्यावरचा तांबडा भोपळा काढला आणि किसणी माझ्या हातात दिली. सगळा भोपळा मी किसला. पोरांनी कढई पुसून खाल्ली. एकाने विचारलं, यंदा गाजर असं पिवळं कावून? आपा म्हणाली, उन्हानं.

आता आपा ऐंशीला टेकलीय. हात कापतात, त्यामुळे किसायचं काम माझ्याकडे आलंय. माझाही खांदा धरतो, गुडघे जिना चढताना कुरकुरतात. केजला आता उन्हाळ्यातही ताजी गाजरं मिळतात, हे मी तिला दरवर्षी सांगते. ती दरवर्षी ऐकत नाही. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पण ओढणी, दगड आणि काठी तीच आहेत. पोरं अजून फडावर जातात, हजेरी अजून होते.

यंदा पौषात दुसरी परात किसून मी अगदी थकले. थकलं की माणूस खरं बोलतं. मी तिला म्हशीचं सगळं सांगून टाकलं.

तिने कावळ्यावर काठी उगारली, खाली ठेवली आणि ओढणी सारखी करता करता म्हणाली, "तवाच ठावं हुतं, सुमन. पर बोलले असते तर तू लाजून परत आलीच नसतीस. पोरं काय, हलव्यापायी येत्यात. हलव्याबिगर येनारी तू एकलीच हुतीस."