चारी बाजूंनी बांधीव

प्रस्ताव टाईप होऊन चार दिवस झाले होते आणि तो बांधायचा कसा यावर डोंगरकड्याच्या हळद गटाचं एकमत काही होत नव्हतं. तालुक्याच्या पत्रात एकच ओळ होती: प्रस्ताव बांधीव स्वरूपात गुरुवारी पाचच्या आत सादर करावा. आता बांधीव म्हणजे कसा, हे लिहिलं असतं तर लिहिणाऱ्याच्या हाताला काय फोड आले असते? पण नाही लिहिलं, आणि चार भली माणसं सोमवारपासून कामाला लागली.

प्रस्ताव सरकारी योजनेतून मिळणाऱ्या, हळद शिजवायच्या बॉयलरचा होता. गेल्या साली भाड्याचा बॉयलर बारा दिवस उशिरा आला, तोवर गटाचा अध्यक्ष गोपीचंद याच्या रानात काढलेली हळद पडून पडून खराब झाली. बायको धुरपताबाई त्यावर वर्षभर बोलली, ते एक वेळ ठीक. पण तांड्यावरच्या पंचवीस घरांना गोपीचंदनंच ओढून गटात आणलं होतं. यंदाही बॉयलर आला नसता तर त्याला तांड्यावर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

सचिव सोनाजीला हार्ड बाइंडिंगच पाहिजे होतं. त्याच्या पुतणीचा कॉलेजातला प्रबंध तसा होता, काळा पुठ्ठा आणि वर सोनेरी अक्षरं. टेबलावर ठेवला की साहेब खुर्चीतून उठला पाहिजे, असं तो म्हणे. एवढ्या भारी पुठ्ठ्यात चार-पाच पानं कशी शोभणार? म्हणून त्यानं कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शितलच्या मागं लागून गटाचे फोटो, दहा वर्षांचा पाऊस आणि ओल्या हळदीच्या लोणच्याची कृती घालून घेतली. प्रस्ताव बेचाळीस पानांचा झाला. मग कळलं की हार्ड बाइंडिंगला दोन दिवस लागतात.

शितल म्हणाली, स्पायरल करू, तालुक्याला कळमनुरीत दहा मिनिटांत होतं. सोनाजीचा त्या तारेवर भरवसा नव्हता. कुणी मधलं पान काढून दुसरं घातलं म्हणजे? गोंदाची बांधणी खजिनदार मिराबाईंनी हाणून पाडली, कारण गोंदासाठी उंदरांनी गटाचं एक जुनं रजिस्टर पाठीकडून खाल्लं होतं. त्यांना लाल नाडी पसंत होती. नाडीला सोनाजी हसला, मिराबाई रुसल्या, आणि त्यांची समजूत काढण्यात बुधवार गेला.

गुरुवारी दुपारचे तीन वाजले. कळमनुरी पाऊण तासावर. बाहेर ओट्यावर गोपीचंद गेल्या सालच्या हळदीची पोती शिवत बसला होता. आतली वादावादी ऐकून ऐकून त्याचं डोकं उठलं. तो शिलाईची मशीन हातात घेऊनच आत आला.

"हिनं शिवलेलं पन्नास किलोचं पोतं न्हाई सुटत," तो म्हणाला, "कागुद काय सुटून राहिला?"

चार दिवसांत पहिल्यांदा कुणी आक्षेप घेतला नाही. शितल जीप बघायला रस्त्यावर गेली होती, नाहीतर तिनं घेतला असता. गोपीचंदनं वरखाली पुठ्ठा लावला आणि मशीन चालवली. टरररर. एक बाजू झकास झाली. पण आयुष्यभर पोती शिवलेला माणूस तो. पोत्याची एक बाजू उघडी राहिली तर माल सांडतो, आणि इथं तर तीन उघड्या होत्या. त्यानं त्याही शिवल्या. सोनाजीनं गठ्ठा उलटा धरून हलवला, टेबलावर आपटला. एक पान हललं नाही. सगळ्यांना भरून आलं.

चौघं जीपनं तालुक्याच्या ऑफिसात पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. प्रस्ताव तपासणाऱ्या निता मॅडमनी गठ्ठा हातात घेतला, उजवीकडून उघडायला गेल्या. मग डावीकडून. मग वरून. शितलच्या आत्ता ध्यानात आलं आणि ती आधी सोनाजीकडं, मग गोपीचंदकडं बघू लागली.

"हे उघडायचं कुठून?" मॅडमनी विचारलं.

पंचवीस घरांचा बॉयलर आपण आपल्या हातानं शिवून बसलो, हे गोपीचंदला कळलं. मॅडमनी कात्री उचलली, तेव्हा मात्र तो पुढं झाला.

"कात्री नका लावू मॅडम, कागुद कापंल. ह्याचं टोक असतंय."

त्यानं कोपऱ्यातला दोरा नखानं सोडवून ओढला आणि अख्खी शिलाई सर्रकन निघून हातात आली. मॅडम बघतच राहिल्या. दुसरी बाजू निघाली, तिसरी निघाली. चौथी त्यांनी स्वतः मागून घेतली आणि इतक्या जोरात ओढली की बेचाळीस पानं ऑफिसभर झाली. त्या खळखळून हसल्या. मग पाचही जण खाली वाकून पानं वेचू लागले, आणि वेचता वेचता मॅडम एकेक पान वाचू लागल्या.

हा फोटो नको. हा पाऊस नको. लोणच्याची कृती त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकली. सातबारा, सभासदांची यादी, ठराव, अर्ज आणि जागेचा नकाशा, एवढी पाच पानं हातात राहिली.

"एवढीच लागतात. बाकीच्या गटांच्या जाड फायलींत ही पाच सापडंनात मला, तुमची सगळी आहेत." त्यांनी अर्जावर शिफारस लिहिली, सही केली. "बॉयलर एकच आहे. हळद काढायच्या आत तुमच्याकडं येतोय."

गोपीचंदचे डोळे भरून आले.

"मॅडम, पर हे बांधीव पाह्यजे होतं नं?"

"व्हय की," म्हणून त्यांनी टेबलावरच्या डबीतून एक टाचणी काढली आणि पाच पानांच्या कोपऱ्यात टोचली.

दुसऱ्या दिवशी गटाच्या इतिवृत्तात शितलकडून सोनाजीनं लिहून घेतलं ते असं: बांधणीच्या सर्व प्रकारांवर चार दिवस सखोल चर्चा होऊन टाचणी सर्वानुमते मंजूर. सूचक, सोनाजी. अनुमोदक, मिराबाई.