पाच पायांचा घोडा

सकाळी कलादालन उघडल्या उघडल्या दालनवाल्याने सगळ्यांत मोठ्या चित्राखाली लाल टिकली चिकटवली. चित्रांच्या धंद्यात लाल टिकली म्हणजे 'हे विकलं गेलं'. खरं तर काही म्हणजे काही विकलं गेलं नव्हतं. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, आणि चित्रकाराने बजावलेलं, "आज एक तरी गेलं नाही, तर सगळी उचलून समोरच्या दालनात नेईन!" एकावर टिकली दिसली की गिऱ्हाईक दुसऱ्याला हात घालतं, हा दालनवाल्याचा अनुभव. म्हणून त्याने पाच पायांचा हिरवा घोडा निवडला. तो कोण मागतंय!

पण गिऱ्हाइकाआधी चित्रकारच टपकला. टिकली बघून त्याचे डोळे भरून आले.

"माझा घोडा गेला? कोणी घेतला? मला भेटायचंय, आत्ताच्या आत्ता!"

दालनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कोपऱ्यात पंख्याखाली सासरेबुवा तोंडावर पेपर घेऊन घोरत होते. घरी हॉलचं रंगकाम चालू, म्हणून बायकोने वडलांना इथे आणून बसवलं होतं. त्याने बोट दाखवलं. "हे काय, ह्यांनीच."

चित्रकाराने सासरेबुवांना गदागदा हलवून मिठीच मारली. "साहेब, तुम्हाला पाचवा पाय कळला?"

सासरेबुवांनी चष्मा लावला. मागून जावई हात जोडत होता. म्हातारा भलताच मुरलेला.

"कळला म्हणजे काय! चार पायांचे घोडे, कुठेही मिळतात हो."

चित्रकार विरघळला. घरात सासरेबुवांचं कोणी भाजीबद्दलसुद्धा मत विचारत नसे. इथे माणूस कानात प्राण आणून ऐकत होता. ते खुलले आणि तासभर बोलत सुटले.

मग दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या आणि थेट घोड्यापुढे थांबल्या. "दवाखान्यात लावायला हाच हवा. पेशंट पाय मोजत बसतील, दात विसरतील."

दालनवाला सासऱ्यांच्या कानाशी लागला. "मामा, सोडा ना तो घोडा!"

"का म्हणून? मी घेतलाय."

"अहो, तुम्ही कुठे घेतलाय!"

"मग सांगा की मोठ्यांदा. चित्रकार इथेच आहे."

जावयाने बाईंना लाल टिकली दाखवली. बाई टेबलावर आपलं कार्ड ठेवून हळहळत गेल्या. चित्रकाराला दालनवाल्याने मुकाट्याने पदरचे पैसे दिले, आणि सासरेबुवा टॅक्सीत घोडा घालून घरी गेले. उद्या बाईंना फोन करू, घोडा देऊन टाकू, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर घोडा गायब.

"डॉक्टरीणबाईंना दिला," सासरेबुवा चहा ओतत म्हणाले. "दुप्पट भावात."

"मामा! पैसे माझे होते!"

"टिकली कोणी लावली? तुम्हीच ना? ही घ्या तुमची दलाली, उगाच तोंड पाडू नका." त्यांनी दोन नोटा पुढे केल्या. "आणि हो, चित्रकाराचा फोन होता. पुढचं प्रदर्शन आपल्या हॉलमध्ये भरवतोय. नाही तरी रंगकाम झालंच आहे. येताना टिकल्यांचं पाकीट तेवढं घेऊन या."