मुरकुटे काका गेम तपासतात

मोबाइलने ‘हत्ती कुठे आहे?’ असं गोड आवाजात विचारलं, की आमचे मुरकुटे काका मुद्दाम उंदरावर बोट ठेवतात. एकदा नाही, चांगलं दहा वेळा. वय सदुसष्ट. तेलीबांध्याच्या आमच्या सोसायटीत, लिफ्टसमोरच्या बाकावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून हा माणूस ठरवून चुकत बसतो. येणारे-जाणारे बघतात आणि लिफ्टमध्ये शिरून हसतात.

काकांना वेड लागलेलं नाही बरं का. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला, तीच खोड हातात राहिली. त्यांचा एकच धोशा: "बरोबर चालवली तर कोणतीबी चीज चांगलीच चालते. चुकीची चालवून पाहा, मंग तिचं पोट कळते." चुकल्यावर गेमने भोंगा वाजवला, तर रिजेक्ट. चुकीच्या उत्तरालाही टाळ्या वाजवल्या, तर तीही रिजेक्ट. मध्येच जाहिरात आली, तर काका मोबाइल पालथा घालून पाच मिनिटं त्याच्याशी बोलत नाहीत. गेमचं नाव, दोष, निकाल, सगळं वहीत लिहिलेलं. दोन महिन्यांत एकही गेम पास झाली नव्हती.

मी बालवाडीत शिकवते, हाच माझा गुन्हा. सकाळी डब्याची घाई, तेल तापलेलं, आणि दारात काका. "मॅडम, हा ससा काहून इतका गोल फिरून राहिला? चार वर्षाच्या पोट्टीचं डोकं नाही का फिरणार?" आता मी सशाचं काय सांगू, कप्पाळ! एकदा फोडणी करपली तेव्हा माझा पारा चढला. म्हटलं, काका, घेऊन टाका ना एखादी, लेकरांचा खेळच तर आहे. काका दारातच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "खेळ नाही ना मॅडम."

त्यांची नात रेवा बंगलोरला. दर रविवारी व्हिडिओ कॉल. रेवा ‘हाय आजोबा’ म्हणते आणि पळते. मराठी तिला समजतं, उत्तर मात्र हिंदीत, आणि तेही दारातून. काकू गेल्यापासून काकांच्या आठवड्यात तो कॉल सोडून दुसरं काही नाही. शेवटी मुलगा म्हणाला, बाबा, रविवारी तिला टॅबवर अर्धा तास एकच गेम देतो, ती तुम्ही निवडा. रेवा खेळेल, बाजूला फोनवर तुम्ही बसा.

"एकच चान्स आहे," काका म्हणाले. "गेम खराब निघाली तर पोट्टी उठून जाईन. मंग मी कोणाले पाहू?"

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मीही उंदरावर बोट ठेवायला लागले.

शेवटी आगगाडीची एक गेम सापडली. आकडे मोजायचे आणि डबे जोडायचे. ना भोंगा, ना जाहिरात. काकांनी ती चाळीस वेळा चुकीची चालवली आणि वहीत पहिल्यांदा ‘पास’ लिहिलं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि धीर द्यायला मला शेजारी बसवलं. रेवाने एक डबा जोडला आणि गेम अडकली. तिचा टॅब जुना. पडद्यावर नुसतं लोडिंगचं चाक फिरत राहिलं. काकांच्या कपाळावर घाम आला. "गेला माल," ते पुटपुटले.

रेवाने चाकाकडे पाहिलं, कंटाळली, आणि फोनकडे वळली. "आजोबा, आपके पीछे छिपकली है."

काका दचकून वळले. "हव बेटा. तिले पाल म्हणते."

"पाल क्या खाती है?"

काका सांगू लागले. दुसरा डबा जोडला गेला, पुन्हा चाक फिरलं, पुन्हा रेवा वळली. "आजोबा, पाल गई क्या?" अर्ध्या तासात गाडीला जेमतेम सहा डबे लागले, आणि काकांचा आवाज बसला.

तेव्हापासून त्या भिंतीला झाडू लावायची कामवाल्या दीदीला मनाई आहे.

गेल्या रविवारी मुलाचा आवाज आला, बाबा, गेम फार अटकते, हिला नवा टॅब घेऊन टाकतो. काकांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत ज्या माणसाने एक खोटा रिपोर्ट दिला नाही, तो म्हणाला, "काही नको घेऊ. मी पाहून राहिलो ना, एकदम बराबर चालते."

फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ वहीच चाळत बसले. "खोटं बोललो, मॅडम. आन त्यानं नवा टॅब घेतलाच तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्या घाईत गॅस बंद केला आणि मीच त्यांची बेल वाजवली. मोबाइल पुढे केला आणि म्हटलं, काका, ही गेम बघा, नव्या फोनवरसुद्धा फार अडकते.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वही उघडली.