एक्केचाळीस मापे आणि एक अपडेट

मनुष्य अपुरा जन्माला येतो आणि अपुराच मरतो. फोनचे तसे नाही. फोन पूर्ण जन्माला येतो आणि त्यानंतर दर महिन्याला अधिक पूर्ण होत जातो. काल जो पूर्ण होता तो आज अपुरा कसा ठरला, असे काही संशयी लोक विचारतात. (अशांच्या फोनची बॅटरी लवकर उतरते, असे माझ्या पाहण्यात आहे.) त्यांना एवढेच सांगायचे की अपडेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची करतात. अपडेट चांगल्या चाललेल्या वस्तूचे करतात, म्हणून ते दुरुस्तीपेक्षा वरच्या दर्जाचे काम आहे.

या विषयावर लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, याची मला शंकाच आहे. माझे आयुष्य पुस्तके वाचण्यात गेले. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून घरच्या कपाटातल्या जुन्या प्रतीची पाने आपोआप कोरी होत नाहीत, एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर मी म्हातारा झालो. पण अपडेटबरोबर येणारी माहिती शेवटपर्यंत वाचणारा आमच्या गल्लीत मी एकटाच निघालो, त्याला माझा इलाज नाही. मी अकरा जणांना विचारून पाहिले. अकराही जणांनी ‘मी वरील सर्व वाचले आहे व मला ते मान्य आहे’ या चौकोनात खूण केली होती. पैकी नऊ जणांना वर काही होते हेच ठाऊक नव्हते. दहाव्याने ते सवडीने वाचायला ठेवले होते. अकरावे गृहस्थ निवृत्त न्यायाधीश असल्याने त्यांनी उत्तर राखून ठेवले. मी स्वतः सत्तेचाळीस पाने वाचली. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्या अटींचेच अपडेट आले.

या वाचनातून निघालेल्या काही उपयुक्त सूचना जनहितार्थ देत आहे.

सूचना पहिली. अपडेट केव्हा करावे? फोन दोन पर्याय देतो: ‘आत्ता’ आणि ‘थोड्या वेळाने’. ‘नको’ हाही पर्याय पूर्वी होता म्हणतात. परंतु लोक तो वापरू लागल्याने काढून टाकण्यात आला.

सूचना चौथी (दुसरी आणि तिसरी मागच्या आवृत्तीत होत्या). जुनी प्रत जवळ बाळगू नये. तिच्यामुळे नव्यावरचा विश्वास डळमळतो.

या चौथ्या सूचनेचे आमच्याकडे सर्वांत चोख पालन मास्तरांनी केले. मास्तर म्हणजे गल्लीच्या टोकाचे शिंपी. गळ्यात टेप, कानामागे खडू, दोन यंत्रे, एक कापायचे टेबल आणि एक खुर्ची. त्या खुर्चीवर मी सकाळी वाचत बसतो. येणारी गिऱ्हाइके मला ‘पँटसाठी थांबलेले गृहस्थ’ समजतात आणि माझ्याशी बोलत नाहीत, ही त्या जागेची मोठी सोय आहे.

मास्तरांकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात बत्तीस वर्षांची मापे होती, आणि प्रत्येक मापापुढे शेरा. ‘डावा खांदा उतरता. त्यांना सांगू नये, कापडात भरून काढावा.’ ‘गुडघा धरतो, पाय सैल.’ ‘नवऱ्यासमोर वेगळं सांगते, नंतर एकटी येते. नंतरचं खरं.’ मास्तरांच्या धाकटीने महिनाभर दुपारी बसून हे सगळे फोनमध्ये उतरवले, आणि वही रद्दीत गेली. (चौथी सूचना मीच त्यांना वाचून दाखवली होती.)

याच सुमारास चौकापलीकडच्या रुग्णालयाने एक्केचाळीस परिचारिकांच्या गणवेशांचे काम मास्तरांना दिले. हे काम नीट पार पडून दरवर्षीचे झाले असते, तर दुकान उघडे राहणार होते. नाहीतर मास्तर कुलूप घालून थोरल्या मुलाकडे राहायला जाणार होते. थोरल्याने त्यांच्यासाठी बाल्कनी रिकामीही करून ठेवली होती. फक्त कपडे वाळत घालायच्या दोऱ्या तेवढ्या राहू देणार होता.

मास्तरांनी रुग्णालयात तीन दिवस उभे राहून एकेकीचे माप घेतले. नुसते आकडे घेतले नाहीत; शेरेही सांगितले, आणि धाकटीने ते सगळे फोनमध्ये भरले. ‘सलाइन लावते, हात वर जातो, काखेत दोन बोटं सोड.’ ‘पेशंट उचलते, पाठीत ढिलं.’ ‘उंच सिस्टर: सगळ्या तिलाच हाक मारतात, बाह्या लांब.’ चौथ्या दिवशी ते कात्री घेऊन टेबलाशी उभे राहिले, आणि फोन वाजला.

“ग्रंथराज,” मास्तर म्हणाले. (ते मला या नावाने हाक मारतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे विचारण्याचे धाडस मला झालेले नाही.) “हे सारखं सारखं काय मागतंय हो? माप बघायला गेलो की हेच आडवं येतं.”

“अपडेट आहे.”

“ते दिसतंय मलाही. करू का नको, ते सांगा.”

मला सल्ला विचारण्याची पद्धत नाही. घरी मला ‘छत्री घेतलीत का’ एवढेच विचारतात, आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. मी चष्मा पुसला आणि वाचले: ‘नोंदी आता आपोआप नीटनेटक्या होतील. सारख्या नोंदी एकत्र केल्या जातील. अनावश्यक मजकूर दूर होईल.’ ‘नीटनेटक्या’ हा शब्द मला आवडला.

“करा,” मी म्हणालो.

“नक्की ना?”

“छापलंय तसं.”

अठरा मिनिटे लागली. पडद्यावर एक चाक फिरत होते आणि मास्तर त्याच्यासमोर उभे होते, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. मग फोनने जाहीर केले: ‘अभिनंदन! आपल्या नऊशे चार नोंदी तपासण्यात आल्या. नऊशे एक नोंदी सारख्या आढळल्याने एकत्र केल्या. शिल्लक नोंदी तीन: लहान, मध्यम, मोठे. आठशे बारा अनावश्यक शेरे दूर केले. आपल्या फोनमध्ये भरपूर जागा मोकळी झाली आहे.’

“उंच सिस्टर कुठे गेली?” मास्तरांनी विचारले.

“मोठ्यात गेल्या, बाबा,” धाकटी बोट फिरवत म्हणाली.

“आणि ती ठेंगणी, रुंद खांद्यांची?”

“त्यापण मोठ्यात.”

“दोघी एकात? अगं, एकीच्या खिशात दुसरी उभी राहील!”

धाकटीने मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका गोड होता की मास्तरांनी कानामागचा खडू काढून खिशात ठेवला.

“सर, तुमची माहिती गेलेली नाही. ती सुधारली आहे.”

“मग सुधारण्याआधीची द्या.”

“सर, ती चुकीची होती.”

“कशावरून?”

“सर, सुधारावी लागली ना.”

या उत्तरात मला आजतागायत खोट सापडलेली नाही. त्यानंतर यंत्राच्या आवाजात प्रश्न आला: आपली अडचण सुटली असल्यास एक दाबा, सुटल्यासारखी वाटत असल्यास दोन दाबा. मास्तरांनी फोन उलटा ठेवला, टेप गळ्यात अडकवला आणि पुन्हा मापे घ्यायला रुग्णालयाची वाट धरली. चूक माझी आहे हे सांगण्यासाठी मीही मागोमाग गेलो.

पण अपडेटची एक सोय आमच्या ध्यानात आली नव्हती. नीटनेटकी झालेली यादी फोनने संबंधितांना परस्पर पाठवून दिली होती, आणि रुग्णालयाच्या प्रशासकीय साहेबांनी ती मंजूरही केली होती. साहेब खुर्चीतून उठून आले.

“मास्तर, तीन! काय सुटसुटीत करून टाकलंत हो! तुमची आधीची यादी बघून डोकं उठलं होतं माझं.”

“साहेब, माणसं एक्केचाळीस आहेत.”

“असू देत की. गणवेश आहे तो. एकसारखा हवा. त्यात माणसाचा संबंध कुठे येतो?”

“दोन दिवस द्या, पुन्हा मापं घेतो. फुकट घेतो.”

“मंजूर यादी बदलायची तर सगळं पहिल्यापासून आलं. मग त्यात तुम्ही असाल, नसाल.”

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात घातला. मी कबुली देण्यासाठी तोंड उघडले; साहेबांनी मला रुग्ण समजून बाहेरच्या बाकावर बसवले. तिथे माझा रक्तदाबही तपासण्यात आला. तो समाधानकारक निघाला, याची मला लाज वाटली.

गणवेश शिवून झाले, वेळेवर पोचले. निकाल असा: एक्केचाळीसपैकी सात जणींना व्यवस्थित बसले. एकोणीस जणींना हात वर न करण्याच्या अटीवर बसले. अकरा जणींना खाली न बसण्याच्या अटीवर बसले. उरलेल्या चौघींना दोन्ही अटी लागू होत्या. रुग्णालयाने लगेच फोनवरून समाधानाची पाहणी केली. ‘समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’ असे दोन पर्याय होते. शंभर टक्के कर्मचारी त्यांत आढळले.

तिसऱ्या दिवशी उंच सिस्टर सलाइनची बाटली अडकवायला गेल्या आणि बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उसवली. तक्रार गेली. साहेब तक्रारीची दखल घेणारे असल्याने त्यांनी त्याच दिवशी परिपत्रक काढले:

१. सलाइनचे सर्व स्टँड एक हात खाली घेण्यात यावेत.
२. स्टँड खाली घेतल्याने सलाइन उतरत नाही असे निदर्शनास आल्यास खाटाही तितक्याच खाली घ्याव्यात.
३. खाटा खाली गेल्याने वाकावे लागेल. तथापि मध्यम मापाच्या कर्मचाऱ्यांनी वाकू नये.
४. रुग्णांनी शक्यतो स्वतः उठून सहकार्य करावे.

ज्या दिवशी खाटांचे पाय कापायला सुतार आला, त्या दिवशी मेट्रनबाई हातात पिशवी घेऊन मास्तरांच्या दुकानात आल्या. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी पँटसाठी थांबलेला गृहस्थ आहे असे दिसल्यावर त्या बोलल्या.

“मास्तर, कुणाला सांगू नका. पण मला हात हवेत. दोन्ही.”

मास्तरांनी टेप घेतला नाही. बाईंकडे एकदा पाहिले, शिवण उसवली, काखेत कापडाचा तुकडा जोडला, पाठीला ढील दिली. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या, त्यानंतर सात. पाळी बदलली की पिशव्या यायच्या.

“ए, तुझं झालं का? मला ड्युटीवर पळायचंय.”

“थांब गं, माझ्या पाठीचं चाललंय. तुझी पाठ काय, चार बोटं!”

“मास्तर, हिचं शेवटी घ्या.”

नऊ दिवसांत एक्केचाळीस गणवेश एक्केचाळीस जणींचे झाले. फोनमधून गेलेले सगळे मास्तरांच्या डोळ्यांत जसेच्या तसे शिल्लक होते. (त्या भागाचे अपडेट अद्याप निघालेले नाही.) मला वाटले, निभावले. मी दोन दिवस निर्धास्तपणे वाचलेही.

बाराव्या दिवशी साहेब फेरीवर निघाले. परिचारिका वाकत होत्या, बसत होत्या, हात वर करत होत्या. इतक्या सुरळीत चाललेल्या कामाचा कोणाही जबाबदार अधिकाऱ्याला संशय यावा, तसा त्यांना आला. त्यांनी गणवेश मागवून मोजले, आणि त्यांना तीन मापांऐवजी एक्केचाळीस सापडली. मास्तरांना पत्र आले: आपण पुरवलेले कपडे मंजूर नोंदीशी विसंगत असून परिधान करणाऱ्यांशी सुसंगत आढळले आहेत. सबब हे गणवेश रद्द करून काम यापुढे कारखान्याकडे देण्यात येत आहे, कारण मापे तीनच असताना शिंप्याचे प्रयोजन उरत नाही.

मास्तरांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

“मुद्दा बरोबर आहे साहेबांचा,” ते म्हणाले. “तीन मापं काय, कुणीही शिवेल.”

“मास्तर,” मी म्हणालो, “‘करा’ असं मी म्हणालो होतो.”

“तुम्ही छापलेलं वाचलंत, ग्रंथराज. बोट माझं होतं.” मग म्हणाले, “ती खुर्ची घरी घेऊन जा. बाल्कनीत मावायची नाही.”

दुकानाला कुलूप लागून आता चार महिने झाले. मेट्रनबाईंच्या पिशव्या काही दिवस बंद दाराशी येऊन परत जात होत्या. नव्या गणवेशांबद्दल एकही तक्रार नाही. खाटा आता योग्य उंचीवर आहेत.

वाचकहो, तुम्हाला मास्तरांची कणव आली असेल, साहेबांचा राग आला असेल आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कशाला विचारायचे, असेही वाटले असेल. तिन्ही योग्य आहे. मला स्वतःला तिसरे सर्वांत योग्य वाटते. पण रागावण्यापूर्वी एक करा. आत्ता अंगात जे घातले आहे ते मानेपाशी उलटून पाहा. तिथे एक पट्टी असेल आणि तिच्यावर एक अक्षर. ते घेतलेत त्या दिवशी तुम्ही मास्तरांच्या उघड्या दुकानावरूनच पुढे गेला होता. साहेबांना निदान फोनने यादी पाठवावी लागली. तुम्ही आरशासमोर उभे राहिलात, पोट आत ओढलेत, आणि कोणी न विचारता म्हणालात, “अगदी माझ्याच मापाचं आहे.”