चाळीस पावलांच्या रबरी रस्त्याची हकीकत

खट्. नंदाच्या पायातील लोखंडी पट्टीची कडी बसली आणि मानक नगरच्या एकोणीस नंबर क्वार्टरातील सकाळची शांतता मोडली. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सर, श्रावणमास, मुक्काम लखनौ. ते स्थळी चिखलाशी व चिखलाहून निबर अशा समितीशी जो संग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

राजश्री आत्माराम, रेल्वेच्या दफ्तरी नकाशे काढणार, यांचे कुटुंब सुनेत्राबाई, आणि कन्या नंदा, उमर सहा. कन्येचा डावा पाय पोलिओने दुबळा केलेला, म्हणोन जड बूट व लोखंडी पट्ट्या. दारापासून पक्क्या सडकेपर्यंत चाळीस पावलांचा मुलूख, तो पावसाळ्यात चिखलाने काबीज करावा आणि शाळेच्या रिक्षाने सडकेवरच खोळंबावे. आजवर बाई कन्येस कडेवर घेऊन पार करीत. परंतु त्या साली कन्येने, “मैं खुद चलूँगी,” ऐसे जाहीर केले, आणि पहिल्याच दिवशी बूट रुतोन ती पालथी पडली. रडली नाही. मात्र त्याउपरि चालण्याचे नाव काढीना, मुकाट्याने हात वर करून उभी राही, आणि तेच बाईंच्या काळजाला लागले.

मग बाईंनी कॉलनीच्या सुशोभन समितीचे सचिव नंदकुमार श्रीवास्तव यांचे दरबारी रस्त्याचा अर्ज गुदरला. या समितीचा पराक्रम काय वर्णावा! जे जागचे हलत नाही त्यास गेरू-चुना फासावा, इतकीच यांची विद्या. झाडांचे बुंधे फासले, विटा फासल्या, नळाचा चौथरा फासला, आणि एकदा तर निजलेल्या म्हशीचे एक शिंग फासोन जाहले तेव्हा ती उठली. सचिवांनी अर्जावर ‘विचाराधीन’ ऐसा शेरा मारोन तो पेपरवेटाखाली कैद केला.

ते समयी शेजारच्या द्रौपदीकाकू, मूळच्या नागपूरकडच्या, मसलतीस आल्या. म्हणाल्या, “त्या चुनेवाल्यांच्या भरवशावर बसशील तर पोरगी म्हातारी होईल गं. तेलीबागेत शब्बन मियाँ आहेत, ट्रकचे जुने टायर कापून पट्ट्या विकतात. त्यांना विचार.” बाई तेलीबागेस रवाना जाहल्या. मियाँनी सारे ऐकोन सुरी खाली ठेविली आणि म्हणाले, “बिटिया के लिए है? तब तो हम खुद बिछाएँगे, बहूजी.”

दुसरे दिवशी ठेल्यावरून टायरांची कुमक दाखल जाहली. मियाँ सुरी साबणाच्या पाण्यात बुडवीत आणि रबर खरवसासारखे कापीत. मग नक्षीची बाजू वर ठेवोन, जेणेकरून बूट घसरू नये, पट्ट्या अंथरिल्या आणि लाकडी मेखा ठोकिल्या. रुंदी एका माणसापुरती. कन्येने एक पाय ठेविला, दुसरा ठेविला, आणि सडकेपर्यंत जाऊन मागे वळोन पाहिले. बाईंनी पदर डोळ्यांस लाविला, तो घामाकरिता ऐसे काकूंस सांगितले.

इकडे सचिवांस खबर लागली. शुक्रवारी रेल्वेचे थोर अंमलदार चंद्रशेखर साहेबबहादूर यांचे कॉलनीत इन्स्पेक्शन ठरलेले. सचिव जातीने चालोन आले आणि वदले, “भाभीजी, यह कॉलनी है, टायर की दुकान नहीं. आज ही हटवाइए.”

बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. “आप हटवा लीजिए. मैं यहीं खड़ी हूँ.”

समितीच्या दोन माळ्यांनी कडेने मेखा ओढोन पाहिल्या. एकही हलली नाही. जे हलत नाही त्याचे काय करावे हे समितीस पाठच होते. शुक्रवारी सकाळी अवघा रस्ता चुन्याने पांढरा केला, आणि रबरावर चुना धरत नाही हे कोणाच्याही गावी नव्हते.

दुपारी साहेबांची स्वारी आली. मोटार सडकेवर थांबली, पुढे चिखल, आणि चिखलात पांढरी पट्टी. स्वारी पट्टीवर चालो लागली, मागे सचिव, मागे समिती, सर्वांचे काळे बूट पांढरे होत चालले. तों समोरून कन्या आली; त्या दिवशी शाळेस सुट्टी, ती काकूंच्या पुढे सडकेकडे निघालेली. समोरासमोर गाठ पडली. सचिव मागून दबक्या आवाजात गरजले, “ए बच्ची, हटो.”

कन्या म्हणाली, “मैं कीचड़ में नहीं उतर सकती. आप उतर सकते हैं.”

साहेबांनी तिच्या पायाकडे पाहिले. मग पँट किंचित वर धरोन घोट्यापर्यंत चिखलात उतरले. साहेब उतरले म्हणोन सचिव उतरले, सचिव उतरले म्हणोन समिती उतरली, आणि कन्या खट् खट् करीत मधून निघोन गेली. साहेबांनी पुसले, रास्ता किसने बनवाया. सचिव घोटाभर चिखलातून वदले, “समिति ने, सर.” फर्मान जाहले की रस्ता कायम ठेवावा.

येणेप्रमाणे शुक्रवारी, दोन प्रहरी, चाळीस पावलांचा मुलूख नंदाचे नावे फत्ते जाहला. समितीच्या फाइलीत काय लिहिले ते समितीस लखलाभ. येथे रस्ता करणाराचे खरे नाव, शब्बन मियाँ, नमूद केले असे.

सांजवेळी सुनेत्राबाई ओल्या फडक्याने बुटाचा चुना पुसत बसल्या. कन्येने पाय त्यांच्या मांडीवर दिला आणि विचारिले, “आई, मेरा पैर ठीक हो जाएगा ना, तब यह रास्ता किसको देंगे?”

बूट केव्हाच साफ जाहला होता. बाई पुसतच राहिल्या.