शेषराव मास्तर आणि ब्रेव्हची तपासणी

पोरांच्या वह्या घरी नेऊन तपासणारे मास्तर पुष्कळ असतील. पण वहीतलं वाक्य खरं की खोटं हे बघायला पोराच्या घरी जाणारा मास्तर अख्ख्या हैदराबाद स्टेटात एकच होता, आणि तो आमच्या गुलबर्ग्याकडच्या कल्याणच्या शाळेत होता. शेषराव मास्तर. ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत म्हणून बांबूचा तट्ट्या होता, त्यामुळे त्यांचं इंग्रजी माझ्या वर्गालाही फुकटात मिळायचं.

ही तपासणी फक्त एका शब्दापुरती. ब्रेव्ह. बाकी 'काऊ' आणि 'टेबल' यांच्यावर मास्तरांचा डोळे झाकून विश्वास होता. पोलीस ॲक्शननंतर नवी पुस्तकं आली, त्यात हा शब्द आला. पोरांनी अर्थ सांगितला, "बहादुर." मास्तर उसळले.

"बहादुर न्हाई म्हणायचं! ती जुन्या सरकारनं खिताब म्हणून वाटलेली चीज हाय. ज्यांना घोड्यावर बसवायला चार माणसं लागायची, ते पण बहादुर!"

मग एकानं 'द लायन इज ब्रेव्ह' असं वाक्य केलं. त्याला शून्य. "सिंव्हाला कुणाचं भ्याव हाय रे? ज्याला भ्यावच न्हाई त्याचं काय कवतिक? भिऊन पण करतंय, ते ब्रेव्ह. आन् वाक्य डोळ्यानं बघितलेल्या माणसावर पायजे."

झालं. पोरं बघितलेल्या माणसांवर वाक्यं करू लागली आणि शाळा सुटली की मास्तर तपासणीला निघू लागले. एका पोरानं आपल्या आजोबांच्या हातून वाघ मारवला होता. आजोबा म्हणाले, "कसला वाघ?" मास्तरांनी दारातच वही उघडून लाल फुली मारली.

बरोबर मी असायचो, कारण मास्तरांना कुत्र्यांची भयंकर भीती. काठी घेऊन मी पुढे, आणि माझा सदरा धरून मागे ब्रेव्हचे तपासनीस. मी हसलो की म्हणत, "हसा. भिऊन पण यायलोय न्हवं?"

एकदा शरणप्पा नावाच्या पोरानं लिहिलं, 'माय मदर इज ब्रेव्ह.' आम्ही गेलो. त्याची आई पारुबाई अंगणात ज्वारी निवडत होती. विचारल्यावर आधी लाजली, मग सांगितलं. शेजारची सून विहिरीत पडली होती. पारुबाईला पोहता येत नव्हतं, तरी ती पायऱ्यांवरून छातीभर पाण्यात उतरली आणि केसाला धरून तिला ओढून काढलं.

"पाय कापायलते का?" मास्तरांनी विचारलं.

"कापायलते की! लटलटा. रडायलते मी, मास्तर."

"मग बराबर हाय." मास्तरांनी लाल पेन्सिल काढली. तेवढ्यात पारुबाई म्हणाली, "एक विचारू का? तुमच्या सुमनला गुलबर्ग्याचा कागद आलाय म्हणं, मास्तरणीच्या ट्रेनिंगचा. मग तिला कामून घरात बसवलाव?"

सुमन ही मास्तरांची एकुलती लेक. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि माहेरी परत आली. मास्तरांनीच शिकवून तिला मॅट्रिक केलं होतं. ट्रेनिंगला हजर व्हायला आता तीनच दिवस उरले होते. नाही गेली तर जागा दुसरीला जाणार होती.

मास्तर खाली बघत म्हणाले, "लोक काय म्हणतील, अक्का? विधवा पोर, परकं गाव…"

"लोक मलाबी म्हणले, परक्याच्या सुनेपायी कामून मरायलीस. म्हणू द्या की!"

मास्तरांनी वाक्यावर बरोबरची खूण केली आणि आम्ही निघालो. वाटेत मला माझाच राग आला. सुमनच्या कागदाचं मलाही ठाऊक होतं. पण विचारायची छाती झाली ती ज्वारी निवडणाऱ्या बाईची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सुमनला घेऊन मोटार स्टँडवर हजर. कुणी विचारायच्या आधीच सांगत सुटले, "माझी लेक! गुलबर्ग्याला जायलीय, मास्तरीण व्हायला!" ड्रायव्हरला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, पानवाल्याला दोनदा सांगितलं. नावं ठेवणारे दोन सोयरे तिथंच उभे होते, त्यांना तर हाक मारून सांगितलं. माझा स्वतःचा पोरगा पहिला आला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता, जितका त्या दिवशी मास्तरांचा वाटला.

मोटार गेली. मी घरी निघालो तर मास्तर माझ्याच मागे. ओसरीवर बसले, पाणी प्याले, उठेचनात. बायकोनं ताट वाढलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "लोकांचं नाव उगंच घेतलं मी. लोक मला काय करायलते? सुमनची माय गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला तीच होती. ती गेली की घराचं कुलूप मलाच काढायचं. त्याचं भ्याव वाटायलतं."

बायकोनं डोळ्याला पदर लावला. "भाऊजी, उद्यापासून आमच्याकडंच जेवत जावा."

"न्हाई वैनी. पोर तिथं एकटी राहणार हाय. मला पण जमलं पायजे."

त्यांनी हात धुतले, खिशातून किल्ली काढली आणि आमचे शेषराव मास्तर एकटे घरी गेले.