हिरव्या लेबलाची गाडी

जावईबापूंनी सकाळी शोरूममध्ये एक छोटासा निर्णय घेतला: प्रत्येक गाडीचं नाव पडताळत बसायचं नाही, लेबलं ओळीनं चिकटवत सुटायचं. कुठली गाडी किती धूर ओकते ते सांगणारी ही लेबलं. हिरवं म्हणजे सगळ्यात कमी, लाल म्हणजे सगळ्यात जास्त. गाड्या सात, लेबलं सात. दहा मिनिटांत काम फत्ते! (काम वेळेआधी उरकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तिथेच शंका यायला हवी होती.)

चहाचा पहिला घोट घेताना त्यांना आठवलं, की काल फरशी धुताना गाड्या बाहेर काढल्या होत्या आणि आत घेताना उलट्या क्रमानं लावल्या होत्या. कप तसाच ठेवून ते उठले. काचेतून पाहतात तो काय! रणगाड्याएवढ्या गाडीवर हिरवं लेबल आणि कोपऱ्यातल्या चिमुकलीवर लालभडक.

ते धावणार, तोच दारातून सासरे आत आले. मागोमाग बायको.

सासरे गणिताचे निवृत्त मास्तर. सासूबाईंना दमा, म्हणून सगळ्यात कमी धुराची गाडी हवी होती. "बाबा, डोळे मिटून लेबल वाचा!" असं जावईबापूंनीच छाती ठोकून सांगितलं होतं.

जावईबापू मागच्या मागे सटकले. ते फायलींच्या कपाटामागे लपले. नोकरी जाणार हे तर नक्कीच. पण सासूबाई त्या रणगाड्यात बसून खोकताहेत असं डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. सासूबाई त्यांच्यावर खरोखर माया करायच्या. घरात तेवढ्या एकट्याच.

"ठरलं! कुठे सही करू?" बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

जावईबापू कपाटाला धडकत बाहेर आले. "बाबा, थांबा! लेबलं उलटी लागलीत. मीच लावलीत. त्या हिरव्या गाडीनं आईंचा जीव जाईल हो!"

सासऱ्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. सही होऊन गेली होती.

"हिरवी कोण घेतंय? मी लाल घेतली."

"लाल? का?"

"बाबांनी आल्या आल्या विचारलं, लेबलं कोणी चिकटवली," बायको म्हणाली. "मी सांगितलं, ह्यांनी."

"मग मी खालून वाचायला घेतलं," सासरे म्हणाले. "आठ वर्षं ओळखतो तुम्हाला, जावईबापू."